वीतभर नळी आणि माळशेज घाट



या पानावर आजवर मी आपल्याला बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचटाचे आच्छादन, ठिबकमधून खते असेच विषय सांगत आलो. या खेपेचा विषय शेताच्या बांधाबाहेरचा आहे. पण वाचून पाहा, तो तुमच्या दारातच उभा असेल.

ऊस नोंदणीच्या दिवसांत गट ऑफिससमोर नजर टाकली, तर मोटारसायकलींच्या रांगेत पाच-सहा जुन्या छोट्या मोटारी हमखास दिसतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या पाटीवर एमएच ०४ नाहीतर एमएच ०५ असते, म्हणजे ठाणे किंवा कल्याण. कारण उघड आहे. आपल्या भागातले निम्मे गाव नोकरीधंद्याला ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत. तिकडे भावाने, मेहुण्याने, लेकाने नवी गाडी घेतली की जुनी माळशेज चढून गावाकडे येते. "चालू आहे की अजून, शेतावर फिरायला बरी," असे म्हणून आपण ती ठेवून घेतो. इंजिन ऐकतो, टायर बघतो, टपाचा पत्रा ठोकून पाहतो. ब्रेक दाबून पाहतो, लागला की समाधान. मीही एवढेच केले होते.

मुरबाडच्या अलीकडे

गोष्ट मे २०२४ मधली. माझी थोरली बहीण डोंबिवलीला असते. दाजी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत होते, आता निवृत्त आहेत. त्यांची २००५ सालची मारुती ८००. रोजचे जाणे-येणे लोकलने, त्यामुळे गाडी फक्त रविवारची. २६ जुलै २००५ च्या महापुरात ती सोसायटीच्या आवारात चाके बुडेपर्यंत पाण्यात उभी होती, पण नंतर धुऊनपुसून चालू झाली. पंधरा वर्षे झाल्यावर दाजींनी नोंदणीचे नूतनीकरणही करून घेतले. आता डोळ्यांना त्रास म्हणून त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि मला फोन केला, "घेऊन जा. गिऱ्हाइकाला विकण्यापरीस घरात राहील."

मी गेलो. सुट्टीचे दिवस, म्हणून आक्का, दाजी आणि त्यांची दोन नातवंडे गावाकडे यायला निघाली. महिन्यापूर्वीच तिकडच्या एका गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक-पॅड नवे टाकले होते आणि "ब्रेक ओके" असे सांगून पैसे घेतले होते. तेव्हा शंका घ्यायचे कारणच नव्हते.

शहाडचा पूल ओलांडून मुरबाड रस्त्याला लागलो. रायत्याच्या पुढे गाडी डाव्या अंगाला ओढू लागली. मला वाटले हवा कमी असेल. उतरून पाहिले, हवा ठीक. पुढे ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जोर धरीना. नांगराला दगड अडकल्यावर बैल चालतात तशी चाल. मुरबाडच्या अलीकडे जळक्या वासाने धाकटी नात म्हणाली, "आजी, कुणीतरी कचरा पेटवलाय." कचरा नव्हता. पुढच्या डाव्या चाकाला हात जवळ नेला तर धग लागत होती.

मुरबाडला एका पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी गाडी थंड होऊ दिली, जॅक लावला, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि चाक हाताने फिरवून पाहिले. फिरेना. मग त्यांनी जे केले ते मी कृषी पदविकेच्या प्रॅक्टिकलला बसल्यासारखे पाहत राहिलो. त्यांनी आधी, बॉडीकडून येणारी लोखंडी नळी जिथे रबरी होजला जोडते तो वरचा नट थोडा सैल केला. चाक तसेच घट्ट. नट परत आवळला. मग खाली कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल उघडला. पिचकन ब्रेक ऑइल उडाले आणि चाक मोकळे झाले.

"झालं बघा साहेब," ते म्हणाले, "वरचा नट ढिला करून चाक सुटलं असतं तर मास्टर सिलिंडरचं काम. निपल खोलूनपण सुटलं नसतं तर कॅलिपरचा पिस्टन जाम. ह्यात दोन्ही नाही. मधला होज आतून बंद झालाय."

मी म्हणालो, "पण होज तर बाहेरून चांगला दिसतोय."

"बाहेरून बघून काय कळनार? पॅड बदलले त्यांनी, होज कोण वाकवून बघतो?"

मग त्यांनी दाजींना स्टिअरिंगवर बसवून ब्रेक जोरात दाबून धरायला सांगितले आणि मला उजव्या चाकामागे बॅटरी दाखवली. उजव्या होजच्या मध्यावर, लोखंडी टोकापासून दोन बोटांवर, रबर बोराएवढे फुगले. पाय सोडला की बसले. परत दाबला की फुगले. मी दाजींकडे पाहिले, दाजींनी मागच्या सीटवर पाहिले. आम्ही वर चढणार होतो. पण आठ दिवसांनी हीच माणसे याच गाडीतून घाट उतरून परत जाणार होती.

होज म्हणजे काय आणि तो कशासाठी

ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल दाबले जाते. तो दाब लोखंडी नळ्यांतून चारही चाकांकडे जातो आणि तिथे पॅड किंवा लायनर चाकाला आवळले जातात. ट्रॉलीचा जॅक उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे तत्त्व तेच. फरक एवढाच, की ट्रॉली नाही उचलली तर ऊस तिथेच राहतो.

लोखंडी नळी बॉडीला पक्की बसवता येते. पण चाक खड्ड्यात खालीवर होते आणि पुढचे चाक वळतेही. तिथे लोखंड मोडेल. म्हणून शेवटच्या वीतभर अंतराला रबरी होज असतो. पुढच्या दोन चाकांना प्रत्येकी एक आणि मागच्या बाजूला, गाडीच्या रचनेप्रमाणे, एक किंवा दोन. आतून रबराची नळी, तिच्यावर दोऱ्याची घट्ट वीण, वरून पुन्हा रबराचे आवरण अशी त्याची घडण. ताकद मधल्या विणीत असते. आपल्याला दिसते ते फक्त वरचे आवरण.

हा होज तीन तऱ्हांनी दगा देतो.

पहिली तऱ्हा, फुटणे किंवा गळणे. ऊन, पाणी, चिखल यांनी वरचे रबर तडकते, भेगांतून पाणी विणीपर्यंत जाते. ठाणे-डोंबिवलीकडची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडी टोकांना गंज चढवतो. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर उंदीरही कुरतडतात.

दुसरी तऱ्हा, फुगणे. वीण कमजोर झाली की दाब चाकापर्यंत जायच्या ऐवजी होज फुगवण्यात खर्च होतो. ठिबकच्या जुन्या लॅटरलला जादा दाब दिल्यावर फुगा येतो ना, तसेच. पेडल स्पंजासारखे मऊ लागते. अशा होजचा भरवसा नाही. जोराचा ब्रेक मारायची वेळ येते तेव्हाच तो फुटतो.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत लबाड, आतून बंद होणे. आतले रबर सुजते किंवा त्याचा पापुद्रा सुटून झडपेसारखा आडवा येतो. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व आठवा, पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. इथेही तेच होते. पायाचा जोर मोठा, म्हणून ऑइल चाकाकडे ढकलले जाते. पाय काढल्यावर ऑइलला मागे आणणारा रेटा फार थोडा, म्हणून ते तिथेच अडकते. ब्रेक लागलेलाच राहतो, चाक तापते, गाडी एका अंगाला ओढते, पेट्रोल जास्त जाते. आमच्या डाव्या चाकाचे हेच झाले होते.

घरच्या घरी तपासणी

यासाठी गॅरेज लागत नाही. सपाट जागा, बॅटरी, फडके आणि पेडल दाबायला एक माणूस पुरे. गाडीखाली जायचे असेल तर चाकांना उटी लावा आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका. स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा हवा. विटा ठेवू नका, त्या फुटतात.

१. पुढचे चाक पूर्ण एका बाजूला वळवा, होज समोर येतो. फडक्याने पुसा. धुळीखाली भेगा लपतात.

२. होज बोटांनी हळूच वाकवा. वाकवल्यावर भेगा उघडतात. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तरी बदलायची तयारी ठेवा. आतला दोरा दिसला तर गाडी तिथेच उभी करा.

३. दोन्ही लोखंडी टोके पाहा. गंजाचे पापुद्रे किंवा ओल आहे का? ओल बोटाला चिकट-निसरडी लागली तर ते पाणी नाही, ब्रेक ऑइल आहे.

४. इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला पेडल जोरात दाबून धरायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. होजवर कुठे फुगा येतो का ते पाहा.

५. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. होज टायरला किंवा लोखंडाला घासतो का, पीळ पडतो का, ताणला जातो का ते बघा. घासल्याची चकाकी दिसते.

६. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असेल तर शोध घ्या.

७. मागच्या ॲक्सलजवळचा होज विसरू नका. तो दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही.

एक गोष्ट पॅड बदलताना डोळ्यांत तेल घालून पाहायची. काही मिस्त्री कॅलिपर काढून होजवरच लोंबकळत सोडतात. त्या वजनाने होज आतून दुखावतो. तारेने कॅलिपर वर बांधून ठेवायला सांगा. सांगायला लाजू नका, गाडी आपली आहे.

बदलायचा झाला तर

मुरबाडच्या शेडमध्ये होज नव्हता. मिस्त्रींचा पोरगा मोटारसायकलवर कल्याणला गेला. आम्ही तीन तास झाडाखाली बसलो. तेवढ्यात त्यांनी जे सांगितले आणि नंतर करून दाखवले ते असे.

होज नेहमी जोडीने बदलावेत. डावा गेला तर उजवाही त्याच वयाचा आहे. आपल्या गाडीच्या मॉडेलचाच, तितक्याच लांबीचा आणि बनवणाऱ्याचे नाव व तारीख छापलेला होज घ्यावा. दुसऱ्या गाडीचा "बसतोय" म्हणून बसवू नये.

जुन्या गाडीत खरी अडचण लोखंडी नळीच्या नटाची. गंजलेला नट साध्या पान्याने ओढला की त्याचे कोपरे जातात किंवा नळीच पिळवटते, मग पाच मिनिटांच्या कामाला अख्खी नळी बदलावी लागते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा, नळी आत जाण्यापुरती खाच असलेला पाना वापरावा आणि होजचे टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे. नट सुटला की होज ब्रॅकेटला धरणारी पत्र्याची क्लिप काढायची. उघड्या नळीला लगेच बूच लावायचे, म्हणजे धूळ जात नाही आणि ऑइल वाहून जात नाही.

कॅलिपरच्या टोकाला आरपार भोकाचा बोल्ट असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवेच टाकायचे. जुने दाबून चपटे झालेले असतात, ते गळतात. होज आवळताना पीळ पडू देऊ नये. बसवल्यावर चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा पाहावे.

ब्रेकमधली काळी धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते छातीला वाईट.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणे

आपण "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण छोट्या मोटारीतले ते द्रव खरे तेल नव्हे. इथे आपल्या सभासदांची चूक होण्यासारखी आहे. घरात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल असते, इंजिन ऑइल असते. त्याचा एक घोट जरी मोटारीच्या ब्रेकच्या डबीत गेला तरी सगळी रबरे सुजतात आणि होजसकट सिलिंडरचे सील बदलावे लागतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, तेच, सीलबंद बाटलीतले घ्यावे.

हे द्रव हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकाजवळ तेवढी उष्णता होऊ शकते. द्रव उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. उघडी ठेवलेली अर्धी बाटली वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, रंग निघतो.

होज बदलल्यावर आत शिरलेली हवा काढावी लागते. गाडीच्या पुस्तकात क्रम दिला असेल तर तो पाळावा. नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल पाव आटा उघडायचा, बुडबुडे आले की बंद करायचा, आणि मगच पाय उचलायचा. हा क्रम चुकला तर हवा परत आत जाते. मधूनमधून वरची डबी भरत राहायची, ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. निघालेले ऑइल पुन्हा ओतायचे नाही.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर सावकाश दोन-चार वेळा थांबवून पाहा आणि परत येऊन जोड कोरडे आहेत का ते बघा. ज्याला हे काम हाताखालचे नाही त्याने जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तपासणी मात्र आपली आपण करावी.

घाटाची गाठ

बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक होज फुटला तरी दुसऱ्या मार्गाचा ब्रेक थोडाफार राहतो. फार जुन्या मोटारींत एकच मार्ग असे, होज फुटला की चारही चाके मोकळी. पेडल अचानक खाली गेले तर भराभर पंप करा, एकेक गियर खाली आणा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. गाडी बंद करू नका. आणि जुना नियम आहेच, ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावा.

वालचंदशेठांची मोटार

जाता जाता एक आठवण. मारुती ८०० पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ रोजी आणि तिचे उत्पादन थांबले जानेवारी २०१४ मध्ये. त्याआधी आपल्या लोकांची छोटी गाडी म्हणजे कुर्ल्याला बनणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हणजे रावळगाव आणि वालचंदनगर इथे साखर कारखाने उभारणाऱ्या वालचंदशेठांनीच. डोंबिवलीजवळही प्रीमियरचा कारखाना होता, १९९० च्या दशकात तिथे पेजो ३०९ गाडी तयार होत असे. तेव्हा ऊस आणि मोटार यांचे नाते जुने आहे. हंगामाआधी कारखान्यात मिलचा एकेक रोलर, एकेक पाइप उघडून पाहतात. "गेल्या वर्षी चालला होता" हे कारण तिथे कुणी ऐकून घेत नाही.

मुरबाडहून पुढे

दोन होज, ऑइल आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. दुपार कलल्यावर आम्ही टोकावड्याकडे निघालो. गाडी हलकी झाली होती. माळशेजच्या वळणांवर मुले धबधबे शोधत होती, मे महिन्यात कुठले धबधबे! दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, वर्षभर ह्या पोरांना मी क्लासला ह्याच गाडीतून सोडत होतो. ब्रेक जड लागतो म्हणून दोनदा दाखवलीही होती." मला उत्तर सुचले नाही. मी तरी काय, तुम्हाला दर आठवड्याला ठिबकचा फिल्टर उघडून बघायला सांगणारा माणूस, त्या सकाळी चार टायरना लाथ मारून निघालो होतो.

आठ दिवसांनी मी स्वतःच त्यांना सोडायला गेलो. घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. खाली उतरल्यावर थांबून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. दोन्ही सारखीच कोमट.

यंदा गळितासाठी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची तयारी कराल, तेव्हा त्यांच्या ब्रेकबरोबर दारातल्या मोटारीखालीही एकदा बॅटरी घेऊन वाका. मिस्त्रींनी तो डावा होज उभा चिरून माझ्या हातात दिला होता. आत सुई जाईल एवढेच भोक उरले आहे. तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. नोंदणीला याल तेव्हा मागून घ्या आणि पाहून जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी